फोटोतल्या बाईचा अर्ज

कलावंत असल्याचा पुरावा म्हणून जोडलेला फोटो खिडकीतल्या साहेबांनी दोन बोटांत धरला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तात्याबांकडे पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"मीच हाय की," तात्याबा म्हणाले.

साहेबांनी फोटो उलटा करून पाहिला. मागे काही खुलासा असेल असं त्यांना वाटलं असावं. मागे फक्त हळदीचा डाग होता.

"मयत पत्नी का? वारसांचा अर्ज वेगळा असतो. पिवळा."

आता साहेबांचंही फार चुकत नव्हतं. खिडकीबाहेर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्याला पटका, ओठावर पांढरी झुबकेदार मिशी. आणि फोटोत नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली विशीबाविशीची बाई. माझासुद्धा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता, आणि मी तर बत्तीस वर्षं चित्रकलेचा शिक्षक होतो. चेहरे बघणं हाच माझा धंदा. निदान पगारपत्रकात तरी तसं लिहिलेलं असायचं.

तात्याबा माझे शेजारी. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. तरुणपणी ते सोंगी भारुडाच्या पार्टीत बाईचं काम करायचे. नारायणगडापासून धारूरपर्यंत एक जत्रा त्यांनी सोडली नव्हती म्हणतात. ते सगळं बंद होऊनही बावीस वर्षं झाली. आता ते ओट्यावर बसायचे आणि मी सेवानिवृत्त असल्यामुळे त्यांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचो. एके सकाळी बातमी वाचली, की राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं आणि अर्ज मागवले आहेत.

तात्याबांनी किती देतात ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "वळखपत्र देत्यात का?"

"देत असतील."

"त्येच्यावर काय लिवलेलं आसतंय?"

"नाव, गाव, फोटो. वर 'कलावंत' असं असेल."

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग भरा सर."

आता मी एवढा उत्साहानं का उठलो, ते प्रामाणिकपणे सांगतो. कलेला सरकारी आधार मिळणं ही गोष्ट मी नोकरीभर लांबून पाहिली होती. आमच्या शाळेला कलाशिक्षणासाठी एकदाच साहित्य आलं. दोनशे चाळीस मुलांना मिळून बारा रंगांची एक पेटी. त्यासोबत तीन पानी पत्र, की साहित्याचा वापर झाल्याचं प्रमाणपत्र आणि वापर होत असतानाचा फोटो पाठवा. फोटो निघेपर्यंत मुख्याध्यापकांनी पेटी कपाटात ठेवली, आणि फोटो काढल्यावर पुढच्या फोटोसाठी जपून ठेवली. माझे तास गणिताला जायचे. मी फलकावर सुविचार लिहायचो, पाहुणे आले की रांगोळी काढायचो आणि निवडणुकीत बोटांना शाई लावायचो. निवृत्त झालो तर माझ्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हा एका तरी कलावंताला आपण सरकारकडून मान्यता मिळवून द्यायची, असं मी ठरवलं.

"आधी आपल्या गॅसच्या पुस्तकावरचं नाव दुरुस्त करून आणा," माझी बायको मंगल म्हणाली. तिथं माझं नाव मोहनरावऐवजी मोहिनीराव पडलंय. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. त्यात पुढे बंकट. हा पूर्वी बँडपार्टीचा मास्तर, आता मांडव भाड्यानं देतो. ढोलकी चांगली वाजवतो आणि बोलतो त्याहून जास्त. तो म्हणाला, "सर, सगळं कायद्यानं करायचं. वाकड्या वाटंनं आज्जिबात जायाचं न्हाई. माझ्या वळखीचा एक मानूस हाय, त्यो करून देतो."

मी त्या माणसाला नकार दिला आणि खिडकीवर गेलो. तिथं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. बऱ्याच चर्चेनंतर साहेबांनी तोडगा काढला, की फोटोतली स्त्री आणि अर्जदार पुरुष एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा.

प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याला मी तीनदा समजावलं. तो तीनदा "कळलं, कळलं" म्हणाला. त्याच्याकडे असा मजकूर तयार नव्हता, त्यामुळे त्यानं नवराबायकोच्या समझोत्याचा जुना मजकूर उघडला आणि जमेल तेवढा बदलला. घरी येऊन वाचलं तर त्यात लिहिलेलं, 'सदर फोटोतील स्त्री ही मीच असून तिच्या वागणुकीबद्दल माझी आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही.' तात्याबांना वाचून दाखवलं. ते एवढे हसले की पटका सुटला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. खोटं काय हाय त्यात?"

तरी मी ते बदलून आणलं. मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जिथं कार्यक्रम केले त्या गावांची पत्रं. एका गावच्या पत्रात लिहून आलं, की तात्याबांनी टंचाईच्या काळात आमच्या गावाला वेळेवर टँकर पुरवला. तेही बदललं. प्रत्येक हेलपाट्याला तात्याबा माझ्यासोबत एसटीत यायचे आणि धुतलेला सदरा घालून यायचे. जणू कागद द्यायला नाही, सोयरीक बघायला निघालेत.

शेवटी साहेबांनी सांगितलं, "कला सादर करतानाचं चित्रीकरण द्या. पेन ड्राइव्हमध्ये."

"आता? ह्या वयात?" मी म्हणालो.

"मग कला आहे हे समितीला कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मंगलच्या हातातलं पातेलं निसटलं. त्यांनी मिशी काढली होती. ती मिशी त्यांनी बजरंगच्या लग्नात ठेवली होती. बजरंग त्यांचा एकुलता मुलगा. सोयऱ्यांपुढे बाप बाप्यासारखा दिसावा म्हणून त्या वर्षी सोंग सोडलं आणि मिशी राखली. मिशीखालची जागा बावीस वर्षं ऊन न लागल्यामुळे लहान मुलासारखी गोरी होती.

"वहिनी, एक लुगडं द्याल का?" त्यांनी विचारलं. "वापरातलं चालंल."

मंगलनं वापरातलं दिलं नाही. ट्रंकेतून हिरवं इरकली काढलं, जे ती मला हातही लावू देत नाही. नेसवायला पुढे झाली तर तात्याबा म्हणाले, "न्हाई, म्या नेसतो," आणि अर्ध्या मिनिटात अशा निऱ्या घातल्या की ती बघतच राहिली. मला हळूच म्हणाली, "मला एवढ्या वर्षांत असं जमलं नाही हो."

आमच्या अंगणात बंकट ढोलकी घेऊन बसला. मी माझा मोबाइल स्टुलावर दोन विटांच्या मध्ये उभा केला. गल्लीतल्या बायका भिंतीपाशी जमल्या होत्या, तोंडाला पदर लावून, हसायची तयारी करून. तात्याबा गुडघ्यांवर हात टेकत टेकत मधे आले. आणि मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. गुडघे तेच होते, पण चाल बदलली. ओढ्यावर धुणं धुवायला आलेली एक सासुरवाशीण. समोर नसलेल्या सासूशी भांडते, धुणं आपटते, आणि मधेच रस्त्याकडे बघते की भाऊ येतोय का. एवढंच. आवाज फाटलेला होता, पण तो बाईचाच होता. पहिल्यांदा बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. बंकटची ढोलकी कधी बंद पडली ते त्यालाही कळलं नाही.

संपल्यावर तात्याबा पायरीवर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "पानी द्या." आवाज पुन्हा म्हाताऱ्याचा झाला होता.

इथपर्यंत मी जे केलं ते चांगलंच केलं असं मला अजून वाटतं. पुढचं मात्र माझं मूर्खपण. मी ते चित्रीकरण गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. वर मजकूर लिहिला, 'आपल्या गल्लीचे भूषण. मार्गदर्शक: मोहनराव (निवृत्त कलाशिक्षक).' मला कोणी मार्गदर्शन विचारलं नव्हतं, पण तो शब्द लिहिताना फार बरं वाटलं. दुपारपर्यंत बावन्न अंगठे आले. संध्याकाळपर्यंत ते चित्रीकरण गल्लीतून गावात आणि गावातून कुठल्या कुठे गेलं.

पेन ड्राइव्ह भरून द्यायचं काम बंकटनं अंगावर घेतलं होतं. आठ दिवसांनी साहेबांचा फोन आला, की पेन ड्राइव्हवर मांडव, खुर्च्या आणि जनरेटरची जाहिरात आहे, कलावंत नाही. "आता समितीनं ठरवलंय, प्रत्यक्ष चौकशीला बाई येतील. गुरुवारी."

बुधवारी बजरंग आला.

बजरंगनं शेतात घर बांधलंय. तात्याबांना गल्ली सुटत नाही म्हणून ते इथं राहतात, पण जेवणाचा डबा तिकडून दोन्ही वेळा न चुकता येतो. तो वाईट मुलगा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याची मुलगी रोहिणी, तिचं लग्न अंबाजोगाईकडच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलगा कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नोकरीला. बजरंग माझ्या ओट्यावर बसला, चहा घेतला नाही.

"सर, त्ये मोबाइलवर तुमी कावून टाकलं?"

मी कला, परंपरा आणि शासन यांवर दोन वाक्यं बोललो. त्यानं बोलू दिलं.

"सर, पाचवीला म्या तुमच्याच वर्गात व्हतो. पोरं मला काय म्हनायची, ठाव हाय ना?"

मला ठाऊक होतं. 'बाईचं पोरगं.' एकदा कोणीतरी फळ्यावर बजरंगचं चित्र काढलं होतं, परकर घातलेलं. मी ते पुसलं आणि वर्गाला म्हणालो, "शांत बसा." त्यापलीकडे काही म्हणालो नव्हतो.

"आता रोहिणीला सासरी कुनी तसं म्हनू ने. येवढंच," तो म्हणाला. बापाला तो दादा म्हणतो. "दादाला म्या काय बी बोललो न्हाई. बोलनार बी न्हाई. तुमाला सांगितलं." आणि उठून गेला.

मी तात्याबांना हे सांगायचं की नाही याचा विचार करत बसलो. पण घरांत एकच भिंत आहे, आणि ती चार इंचांची.

गुरुवारी चौकशीच्या बाई आल्या. बाई चांगल्या होत्या. घाम पुसत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला फार काही नको. अर्जदारानं स्वतः सांगायचं, मी इतकी वर्षं ही कला केली. एक वाक्य." मी फाइल पुढे केली. तीन रंगांच्या खुणा लावलेली, अनुक्रमणिका असलेली फाइल. बंकटनं स्वतःहून मांडवातल्या चार खुर्च्या आणून मांडल्या होत्या. बजरंग दुपारचा डबा घेऊन स्वतः आला होता आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

बाईंनी आधार कार्ड पाहिलं. "इथं मिशी आहे."

"भावकीत मयत झाली," बजरंग खाली बघून म्हणाला. "म्हून काढली."

बाईंनी मान हलवली. मग फोटो तात्याबांपुढे धरला. "बाबा, ह्या फोटोत तुम्हीच आहात ना?"

तात्याबांनी फोटो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. मग परत दिला.

"न्हाई बाई. ही कोन, मला काय ठाव न्हाई."

"पण अर्जात लिहिलंय..."

"आमी शेतकरी मानसं. अर्ज सरांनी भरला. मला वाटलं, म्हाताऱ्याचं पेन्शन आसंल. सही कर म्हनले, केली."

एवढे हेलपाटे, एवढे कागद, आणि मी खोटा? बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं, गावांची पत्रं वाचली, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही एजंट आहात का?"

"मी शिक्षक आहे!" मी म्हणालो. "बत्तीस वर्षं..."

"निवृत्त शिक्षकच जास्त करतात हे," बाई म्हणाल्या. "खोटी कागदपत्रं तयार करणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? म्हातारी माणसं बघून..."

माझा हात खिशाकडे गेला. खिशात मोबाइल होता, आणि मोबाइलमध्ये सगळं होतं. हिरवं इरकली, ओढा, धुणं, सगळं. एक बोट दाबायचा अवकाश. तेवढ्यात तात्याबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण आत्तापर्यंत ज्या आवाजात ते बोलत होते, तो भाबडा, कमी ऐकू येणाऱ्या, काही न कळणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज त्यांचा नव्हताच, हे मला तेव्हा समजलं. तात्याबांना उत्तम ऐकू येतं.

मी हात खिशातून काढला.

"चुकलं बाई," मी म्हणालो. "माझा गैरसमज झाला."

बंकट तोंड उघडणार होता. मंगलनं त्याला आत चहा बघायला पाठवलं, आणि जाता जाता मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं केलंत." आमच्या संसारात हे दोन शब्द तिनं किती वेळा उच्चारलेत, ते मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकतो.

बाई गेल्यावर बजरंगनं डबा उघडून तात्याबांच्या पुढे ठेवला. भाकरी, पिठलं, ठेचा. तात्याबा जेवायला लागले. तांब्यातलं पाणी बजरंगनं दोनदा भरून दिलं.

महिन्याभरानं पत्र आलं. 'अर्जदार हे कलावंत नसल्याचे अर्जदारांनी स्वतः सांगितल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' तात्याबांनी ते मला वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बरं लिवलंय. साफ." आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. गल्लीत मी काही दिवस 'एजंट सर' झालो. दोन माणसं तर खरोखरच आपापले अर्ज घेऊन माझ्याकडे आली.

उन्हाळ्यात रोहिणीचं लग्न झालं. मांडव अर्थातच बंकटचा. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मोठी माणसं सावलीला खुर्च्यांवर ताटं घेऊन बसली होती. माझ्या शेजारी तात्याबा, नवा पटका, नवं धोतर. त्यांच्या पलीकडे नवऱ्या मुलाची आजी, चंद्रभागाबाई. सत्तरीच्या असतील, डोळ्यांना कमी दिसायचं, बोलायला मात्र मोकळ्या. पाहुण्यांच्या ओळखी काढता काढता त्यांनी तात्याबांना विचारलं, "तुमी ह्याच भागातले का, पाव्हनं?"

"व्हय."

"मंग तुमाला ठाव आसंल. लई वर्सं झाली. म्या नवीनच नांदाया आलते. नारायणगडाच्या जत्रेत भारुडात एक बाई बगितली व्हती. लोक म्हनायचे, बाप्या हाय म्हून. आसंल. मला काय तसं वाटलं न्हाई."

मी हातातला घास तसाच धरून बसलो.

"माझं पहिलं लेकरू गेलं व्हतं तवा," चंद्रभागाबाई सांगत होत्या. "चार महिन्यांचं. मला रडूच यीना. सासू म्हनायची, कसली दगडाची बाई हाय. मालकानं जत्रंला नेलं, जरा बरं वाटंल म्हून. त्या बाईनं तितं लेकरू गेल्याचं सोंग घेतलं व्हतं. ती रडाया लागली, अन् माझं बी फुटलं. तीन कोस चालत घरी आले, सारा रस्ता रडत आले. त्या दिवशी रडले न्हाई तर म्या येडी झाले आसते बगा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लई डाव वाटतं, भेटावं तिला. कुटं आसती आता, ठाव हाय का?"

बजरंग पंगतीत वरण वाढत होता. तो आमच्या मागेच बादली घेऊन उभा होता. पुढच्या पानावरचा पाहुणा "वरण, वरण" म्हणत होता, पण बजरंग हलला नाही.

तात्याबांनी पटका सारखा केला. "न्हाई ऱ्हायली ती," ते म्हणाले. "लई वर्सं झाली."

चंद्रभागाबाईंनी हात जोडले, कुठल्या दिशेला जोडावे हे न कळून समोरच जोडले. "चांगली बाई व्हती," त्या म्हणाल्या.

तात्याबांनी खुर्ची जराशी त्यांच्याकडे वळवली.

"तुमच्या लेकराचं नाव काय व्हतं?"

मांडवात पंखे घरघरत होते, कोणीतरी बंकटच्या नावानं ओरडत होतं. "कुनी इचारलंच न्हाई कदी," त्या म्हणाल्या, आणि अगदी हळू, घरातल्या कोणाला ऐकू जाईल की काय अशा आवाजात त्यांनी ते नाव सांगितलं.

तात्याबांनी ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग मान हलवली.